इथं बी झोपली

प्रगतीनं जे केलं ते वैऱ्यानंसुद्धा केलं नसतं, असं गिताबाईचं म्हणणं होतं, आणि दौंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या ती ते म्हणणं मनातल्या मनात तिसऱ्यांदा मांडत होती. सख्खी नात. ज्या आज्ज्याच्या मांडीवर वाढली त्याची पुस्तकं पत्र्याच्या पेटीतून काढली आणि ब्लेड घेऊन उसवली. शिवण कापली, पाठीचा डिंक खरवडला, पानं सुटी केली, आणि एकेक पान मोबाइलखाली धरून त्याचे फोटो काढले. मेंढरं कातरतात तशी कातरली असती तर गिताबाईला एवढं लागलं नसतं. कातरलेलं मेंढरू चार-सहा महिन्यांत पुन्हा लोकरीनं भरतं. हिनं सोललीच. आणि पान सपाट बसावं म्हणून वर ठेवायला काच पाहिजे होती, तर ती काढली आज्ज्याच्याच फोटोची. दीड महिना झाला, भैरूचा फोटो भिंतीवर उघडा लटकतोय. गंध लावायला गेलं की बोट थेट कागदाला लागतं, आणि कपाळाच्या जागी कागद फुगून आलाय, टेंगूळ आल्यासारखा. कशासाठी, तर म्हणे पुण्याची काही शिकलेली माणसं जुनी, बाजारात न मिळणारी पुस्तकं इंटरनेटवर चढवतात. फुकट. खेड्यापाड्यातल्या पोरांना वाचायला. कुणाच्या बापाची पुस्तकं, असं गिताबाईनं विचारलं होतं. आज्ज्याची होती, आता सगळ्यांची, असं प्रगती खाली मान घालून म्हणाली होती. हे उत्तरच तिला जास्त झोंबत होतं. गिताबाईला कुणी उलट उत्तर दिलं असं वडगाव रासाईत कुणी ऐकलेलं नव्हतं. सोसायटीचा चेअरमन तिच्या दारावरून जाताना गाडीचा वेग वाढवायचा.

खरं बघितलं तर त्या पुस्तकांवर तिचं कधी प्रेम नव्हतं. भैरू जिवंत असताना ती त्यांना सवती म्हणायची. बिऱ्हाड तट्टावर लादायचं तेव्हा एका बाजूला भांडी, एका बाजूला दोन दिवसांची कोकरं, आणि मध्ये घोंगड्यात बांधलेला हा गठ्ठा. माणसं चालत आणि सवती तट्टावर, असं ती चारचौघांत बोलून दाखवायची. पण भैरू गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, दर दिवाळीच्या आधी ती पेटी उघडून पुस्तकं उन्हात मांडत होती, पानांत लिंबाचा पाला घालत होती. वाचता येत नव्हतं. शाळा तिनं तीन महिने बघितली, मग बापानं मेंढरांमागं धाडली. स्वतःचं नाव तेवढं अक्षरं ओढून काढता यायचं, आणि एसटीची पाटी आकारावरून ओळखता यायची. पुस्तकांत तिच्या ओळखीचं एकच होतं. अधूनमधून एखाद्या पानाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत भैरूनं शिसपेन्सिलीनं केलेली खूण. दोन तिरप्या रेघा आणि खाली ठिपका. त्यांच्या कळपाची खूण होती ती. मेंढराच्या पाठीवर गेरूनं करायची, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी आपलं आपल्याला ओळखू यावं. पुस्तक कुणी नेलं तर परत यावं म्हणून तो ती खूण करतो, अशी तिची चाळीस वर्षांची समजूत. शेजारी चार-पाच अक्षरंही असायची. नाव लिहिलं असेल, तिला वाटायचं. आमच्या पुस्तकांवर आमचा डाग हाय, असं ती तोऱ्यात सांगायची, आणि ऐकणाऱ्या बायका मान डोलवायच्या.

ऑपरेशनला आज आठ दिवस झाले होते. डॉक्टरनं डोळ्यात दिवा मारून बघितलं, छान झालंय म्हणाला, काळा चष्मा दिवसभर लावायचा, थेंब चार वेळा. प्रगती खाली थेंब आणायला गेली होती. गिताबाईनं चष्मा जरा कपाळावर सरकवला. उजव्या डोळ्याला जग अजून जुनंच होतं, गुळाच्या पाण्यातून बघावं तसं पिवळट. डावा मात्र वेडा झाला होता. भिंत इतकी पांढरी की अंगावर येत होती. समोरच्या म्हाताऱ्याच्या धोतराला निळीचा डाग होता तोही दिसत होता. इतकं दिसायची माणसाला गरज काय, असं तिच्या मनात आलं. बिनकामाचं किती दिसतं. तिच्या शेजारी दोन पोरी बसल्या होत्या, एकीच्या आईचा नंबर लागायचा होता. त्या भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या होत्या, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. दौंडात एका अभ्यासिकेत दिवस काढायच्या, आणि अभ्यासाचा कंटाळा आला की मोबाइलवर गोष्टीची जुनी पुस्तकं वाचायच्या. एकीनं मोबाइल दुसरीपुढं धरला आणि तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. गिताबाईनं सहज तिकडं बघितलं. डाव्या डोळ्यानं.

दोन तिरप्या रेघा. खाली ठिपका.

आपलं मेंढरू परक्याच्या कोंडवाड्यात दिसावं तशी ती बाकावरून पुढं झुकली. मोबाइलच्या काचेत पिवळ्या पानाचा फोटो होता, आणि कडेला भैरूचा हात. पेन्सिल दाबून लिहायची त्याची सवय, त्यामुळं रेघ सुरुवातीला जाड आणि पुढं बारीक. ती पोरीकडं वळली आणि काय गं हसताय एवढं, असं दरडावल्यासारखं विचारलं. पोरीचं नाव मोनिका असावं. दुसरी तिला तसं म्हणत होती. पोर बिचारी सरळ होती. तिनं सांगितलं की या फुकटच्या वाचनालयात एका कुणाची तरी बरीच पुस्तकं आलीत, आणि ज्याची होती त्यानं मध्ये मध्ये कडेला ‘इथं झोपली’ असं लिहून ठेवलंय. कुठं एकाच पुस्तकात चार वेळा. कोण झोपली ते कुणालाच माहीत नाही. पण आता अभ्यासिकेतल्या सगळ्या पोरी तसंच म्हणतात. कुठवर आलीस, तर दुसऱ्या झोपलीपर्यंत. कुणी म्हणतं त्याची बायको असेल, कुणी म्हणतं मांजर.

“आन् आता वाचनालयवाले ते सगळं पुसणार आहेत म्हणे, आजी,” मोनिका म्हणाली. “पान स्वच्छ पाहिजे म्हणून. आम्ही सगळ्यांनी लिहून कळवलंय, पुसू नका. ह्या पानावर तर बघा, कसं लिहिलंय. इथं बी झोपली.”

त्या ‘बी’वर दोघी पुन्हा हसल्या. गिताबाईनं चष्मा खाली ओढला. आवाज नेहमीचाच ठेवून तिनं विचारलं, त्या पानावर चाललंय काय. जत्रेत एका बाईची पोर हरवलीय, मोनिका म्हणाली, आणि ती हाका मारत फिरतीये.

मेंढरं दुपारची उभी राहतात. ज्यानं कळप वळलाय त्याला हे सांगावं लागत नाही. बारा वाजले की एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून ती गोल करून थांबतात, आणि कितीही हाकलली तरी खूर उचलत नाहीत. माणसाला त्या वेळी बसण्यावाचून इलाज नसतो. बाभळीखाली घोंगडं टाकायचं, आणि भैरू पुस्तक काढायचा. मोठ्यानं वाचायचा. नांगरलेल्या रानातून चालावं तसं त्याचं वाचन, एक पाऊल टाकून थांबायचं, मग दुसरं. गिताबाई पहाटेची उठलेली, भाकरी थापून, बिऱ्हाड बांधून, चार कोस चाललेली. कुशीवर पडून ती ऐकायची, आणि ऐकता ऐकता त्याचा आवाज लांब लांब जायचा, ओढ्याच्या पल्याड कुणी बोलतंय असा, आणि मग नसायचाच. त्यानं तिला कधी हलवून उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी गोष्ट जिथं तिच्या कानातून सुटलेली असायची नेमकी तिथूनच तो सुरू करायचा. त्याला कसं कळतं, असा प्रश्न तिला तेव्हा पडला नाही. तेव्हा तिचं वय वीस-बावीसचं होतं आणि तिला वाटायचं, नवऱ्याला अशा गोष्टी कळतच असतात. म्हणजे ती खूण पुस्तकावरची नव्हती. तिच्यावरची होती. पुस्तकात तिचा माग होता, कुठल्या पानावर तिचा डोळा लागला याचा. भैरूनं बायकोची झोप राखली होती, मेंढरं राखावीत तशी. हे चांगलं वाटावं असं होतं, आणि ‘बी’ नसता तर कदाचित वाटलंही असतं.

गिताबाईच्या स्वतःच्या पोरीचं नाव भिमा होतं. भीमेच्या काठी झाली म्हणून. तिसरं सरून चौथं लागलं होतं, आणि कळप केंदूरच्या शिवारात असताना तापानं दोन दिवसांत गेली. रानाच्या मालकानं बांधाच्या कोपऱ्यावर जागा दिली, भला माणूस. भैरू सगळ्यांदेखत रडला. डोक्यावरचं मुंडासं तोंडात कोंबून रडला. गिताबाईनं त्या दिवशी आठ माणसांच्या भाकरी थापल्या. दुसऱ्या दिवशी कळप पुढच्या रानात बसवायचा शब्द दिलेला होता, तिथला शेतकरी खतासाठी वाट बघत होता. सकाळी तिनं तट्टावर भांडी चढवली, कोकरं चढवली, गठ्ठा चढवला, आणि बांधाकडं न बघता चालायला लागली. चालताना नवरा आपल्याकडं बघतोय हे तिला मानेमागं कळत होतं. ऊन बसावं तसं. लोकांपुढं रडायचं नाही हे तिच्या आईनं शिकवलं होतं, कुणापुढं रडायचं ते शिकवलं नव्हतं. नंतर दर साली त्या बांधावरून जावं लागायचं. आधी तिथं ज्वारी असायची, मग कांदा, शेवटी बघितलं तेव्हा ऊस होता आणि कोपरा सापडला नाही.

आठ महिन्यांनी, नदीच्या काठाला, दुपारी, तो वाचत होता. त्यालाही पुढं काय आहे ठाऊक नसावं, नाहीतर त्यानं ते पुस्तक काढलं नसतं. जत्रा आली. पाळणे आले, रेवड्या आल्या, बाईच्या हातातून पोरीचा हात सुटला. मग ती बाई नावानं हाका मारायला लागली, आणि भैरू त्या हाका वाचायला लागला. त्याला वाचताना आवाज चढवता यायचा नाही. सपाटच वाचत होता, एक हाक, थांबून दुसरी, आणि तिसरीला अडखळला. गिताबाई टक्क जागी होती. त्या दिवशी सकाळपासून तिला झोपेचा मागमूस नव्हता. आता डोळे उघडे राहिले तर दोघांना एकमेकांकडं बघावं लागेल, एवढंच तिला कळलं, आणि तिनं ते मिटले. श्वास लांब ओढला, एकसारखा, झोपलेल्या माणसाचा. वाचन थांबलं. एक मुंगळा तिच्या घोट्यावर चढला आणि त्यानं कडकडून चावा घेतला, तरी तिनं पाय हलवला नाही. भैरू थांबला होता. ती डोळे उघडेल म्हणून थांबला होता, हे आज, चव्वेचाळीस वर्षांनी, दौंडच्या बाकावर तिला कळत होतं. तेव्हा तिला वाटलं, उठून जाईल तर बरं. मग कागदावर पेन्सिलीची खरखर ऐकू आली. दोन रेघा, ठिपका, आणि काही अक्षरं. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला लिहायला.

त्यानंतर त्यानं मोठ्यानं वाचलं नाही. मनातल्या मनात वाचायचा, ओठ हलवत. वय वाढलं, वडगावात जमीन झाली, मेंढरं विकली, पोरगा जालिंदर शाळेत गेला, शिकला, रांजणगावच्या कंपनीत लागला, आणि गिताबाई लोकांना सांगत राहिली की आमच्या माणसाचं वाचन आपल्याला कुठं कळतंय, मी आपली झोपायची. जालिंदरच्या लग्नाच्या सकाळी तिला उठायला उशीर झाला, तेव्हा मांडवात भैरू म्हणाला होता, तिला झोप कुठंबी लागती. सगळा मांडव हसला. तिनंही फणकाऱ्यानं काहीतरी उत्तर दिलं, त्यावर आणखी हसले. भैरू हसत नव्हता. हे तिनं बघितलं होतं आणि बघून कुठंतरी ठेवून दिलं होतं, जसं आपण नको असलेली वस्तू टाकत नाही आणि वापरतही नाही. म्हणजे तो आयुष्यभर हे समजून जगला, की पोरीच्या हाका कानावर पडत असताना हिला झोप लागली. त्या बाईच्या हातची भाकरी त्यानं आणखी चाळीस वर्षं खाल्ली. तिचे पाय दुखायचे तेव्हा तेल लावून दिलं. शेवटच्या आजारात तिच्या हाताला धरून होता. काय म्हणून धरून होता? माफ करून? का दगड म्हणूनच, आपल्या वाट्याला आलाय तर आला म्हणून?

“फुडं गावती का ती पोर?” तिनं मोनिकाला विचारलं.

“व्हय, गावती की. दोन पानांनी. एका दुकानाच्या फळीखाली झोपलेली असती.”

दोन पानं. गिताबाईनं मान हलवली. ती गावली ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं, का आणखी वाईट, हे तिला ठरवता येईना. पुस्तकातली पोर गावायची ती गावणारच. पुस्तकवाल्याच्या हातात असतं. मीच ती झोपलेली, मांजर नव्हे, असं या पोरींना ठणकावून सांगावं, असं तिच्या जिभेवर आलं. आयुष्यात जिभेवर आलेलं तिनं फार वेळा गिळलं नव्हतं. आज गिळलं. तेवढ्यात प्रगती थेंबांची बाटली घेऊन जिना चढून आली, आणि त्या पोरींच्या मोबाइलकडं तिची नजर गेली, आणि तिचा चेहरा उतरला, तोही गिताबाईला काळ्या काचेतून स्वच्छ दिसला.

जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. प्रगतीनं एकदा विचारलं, आज्जी, डोळा दुखतोय का. गिताबाईनं न्हाई म्हणून सांगितलं. भीमेचा पूल आला. नदीला पाणी होतं, पण हिरवं, जलपर्णीनं झाकलेलं, कुठं वाहतंय ते कळू नये असं. ज्या वाळूवर कळप बसायचा ती वाळू ट्रॅक्टरनी केव्हाच नेली. काठाला आता नुसत्या खड्ड्यांवर खड्डे. नातीच्या हाताची बोटं गिताबाईला दिसत होती. डिंक खरवडून अंगठ्याचं नख फाटलेलं. या पोरीनं सगळी पानं एकेक करून बघितलीत. म्हणजे सगळ्या झोपा हिनं वाचल्यात. ती जत्रेतलीसुद्धा. भिमाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे दीड महिना ही मुलगी आपल्याला जेवायला वाढतीये, वेणी घालतीये, आणि मनात काय धरून? भैरूनंही असंच वागवलं होतं. गोड. हेच तर वाईट होतं, की ते गोड होतं.

घरी आल्यावर प्रगतीनं तिला खाटेवर आडवं केलं, पापणी ओढून दोन थेंब सोडले, आणि दहा मिनिटं डोळे मिटून पड, हलू नको, असं सांगितलं. दुपारचे दोन वाजले होते. गिताबाईनं डोळे मिटले. डोक्यावर पंखा टकटक करत होता. अशाच दुपारी, आज्जी झोपली असं बघून, ही पोर पेटी उघडायची. पहिल्या दिवशी ब्लेडचा आवाज गिताबाईनं याच खाटेवर ऐकला होता, दोऱ्यामागून दोरा तुटतानाचा, आणि तेव्हाही ती उठली नव्हती. का उठली नव्हती? उठून हात धरला असता तर पोर थांबली असती. सवय म्हणून पडून राहिली, आणि संध्याकाळी आत्ता बघितल्यासारखं दाखवून घर डोक्यावर घेतलं. आता थोड्या वेळानं पेटीची कडी वाजली. मग प्रगतीचा दबका आवाज आला, मोबाइलवर. पुण्यात हे पुस्तकांचं काम बघणारी अनुपमा म्हणून कुणी होती, तिच्याशी बोलत होती. बाकीचं सगळं राहू द्या, असं प्रगती म्हणत होती, मुलांना आवडतंय तर राहू द्या. फक्त एक पान. ते मी माझ्याकडं पुसून पुन्हा पाठवते. ते लोकांना वाचायला नको. मग थांबून, आणखी हळू, ती म्हणाली, “आज्जीची तशी चूक नाही हो, ताई. थकलेली असेल ती. पण माणसं काय म्हणतील तिला. न्हाई, तिला माहीत न्हाई. झोपलीये.”

एक थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून निसटला आणि कानाकडं ओघळला. गिताबाईनं तो पुसला नाही. कानाच्या पाळीत जाऊन तो थांबला, गार झाला. श्वास आपोआप लांब झालेला होता, एकसारखा. अंगाला कसं लक्षात राहतं. आणखी थोडा वेळ असंच पडून राहिलं तर ते पान पुसलं जाईल. पोरी हसायच्या थांबतील. भैरूची ती एक ओळ जगात कुठं राहणार नाही, म्हणजे तो तसं समजला होता हेही राहणार नाही, आणि गिताबाई ताठ मानेची गिताबाई म्हणून जाईल. काही करायचं नव्हतं. नुसतं पडून राहायचं होतं, आणि ते तिला चांगलं जमत होतं. घरात कुठंतरी मुंगी असावी, घोट्याला हुळहुळलं. तिनं पाय जोरानं झटकला. प्रगतीचं बोलणं तुटलं.

“त्यो फोन ठेव आन् हिकडं ये,” गिताबाई डोळे न उघडता म्हणाली. “ते पान पुसायचं न्हाई. त्येंनी सोताच्या हातानं लिव्हलंय, चुकीचं आसंल तर चुकीचं ऱ्हाऊ दे, हसू देत पोरी. म्होरं काय लिवायचं बी न्हाई, सांगायची येळ व्हती तवा मी सांगितलं न्हाई, ती माझी चूक, मीच घिऊन जाईन. पर तुझं सांगते. पुस्तकं फाडलीस त्याचं मला आता काय न्हाई. काच काढलीस, ती आजच्या आज बसव. तू खरी चुकलीस ती हितं, की उसवताना इचारलं न्हाईस आन् पुसताना बी इचारत न्हाईस. तुझा आज्जा शाना माणूस, धा गावात त्येंच्यावानी वाचणारा नव्हता, आन् त्येंनी बी न्हाई इचारलं. बाईनं डोळं मिटलं की झोपली, आसं धरूनच चालायचं तुमी. एकदा इचारायचं, पोरी. नुसतं हाक मारून बघायचं. मी जागी व्हते.”